गाडीतच संसार, पेन्शन बेताची: पुढचा मुक्काम कुठे, हे कसं ठरवता?

घाटावरचा_मुक्काम

नमस्कार मंडळी. प्रश्न पावसाळ्याचा आहे, पण आधी थोडी हकीकत सांगतो, म्हणजे सल्ला देणाऱ्याला अंदाज येईल.

मी ६३ वर्षांचा, सौ. ५९. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत २९ वर्षं काढली. दोन वर्षांपासून आम्ही दोघं मारुती ईकोत राहतो. कोल्हापुरात एक खोली आणि स्वयंपाकघर आहे, ते भाड्याने दिलंय. घरात राहिलो तर भाडं बुडतं, आणि भाड्याशिवाय महिना भागत नाही. शिवाय दोघांनाही फिरायची ओढ होती, ती नोकरीत कधी भागली नाही.

महिन्याचा हिशेब असा. ईपीएसची, म्हणजे पीएफवाल्यांची पेन्शन ३,१००. पोस्टात ज्येष्ठ नागरिक योजनेत १५ लाख ठेवलेत, ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात, म्हणजे महिन्याला १०,२५०. घरभाडं ६,५००. एकूण १९,८५०. यातच पेट्रोल, औषधं, किराणा, मोबाइल, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग.

पहिल्या वर्षी आम्ही सहलीला गेल्यासारखी ठिकाणं निवडली, तिथेच चुकलो. मे महिन्यात महाबळेश्वर गाठलं, कारण थंड. गाडी लावायला जागा नाही, जिथे आहे तिथे रात्रीचे पैसे, भाजी दीडपट भावाने. चार दिवसांत खाली उतरलो. मग वाई, मग भंडारदरा, मग परत. त्या महिन्यात गाडी १,९०० किलोमीटर चालली. आमची ईको लिटरला पंधरा देते, म्हणजे किलोमीटरला सात रुपये पडतात. १३,३०० रुपयांचं पेट्रोल एका महिन्यात. त्या महिन्यात सौ.च्या थायरॉईडच्या गोळ्या मुलीने पाठवल्या, हे मला अजून लागून राहिलंय.

पुढच्या जानेवारीत वेंगुर्ल्याच्या पुढे एका गावात शाळेमागच्या आंब्याखाली २३ दिवस राहिलो. महिनाभरात गाडी १८० किलोमीटर चालली, पेट्रोल १,२६० रुपये. दोघांनी पोटभर ताजी मासळी खाल्ली आणि तरी पैसे उरले. तेव्हा लक्षात आलं की आमच्यासारख्याला जागा बघण्यासारखी आहे का हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तिथे महिनाभर टिकता येईल का. खर्च मुक्कामाचा होत नाही, मुक्काम हलवण्याचा होतो.

तेव्हापासून सौ.ने शंभर पानी वही घातलीय. प्रत्येक गावाला एक पान. पाणी कधी येतं, शौचालय कसं आहे आणि कुलूप कोण उघडतं, सावली किती वाजेपर्यंत, दवाखाना किती अंतरावर, दूध-भाजी कुठे, मोबाइलला रेंज, आणि कोणाला विचारून थांबलो. त्या आंब्याच्या पानावर लिहिलंय: "नळ सकाळी ६ ते ७. सावली दुपारी ३ पर्यंत. शाळेच्या शिपाईमामांना विचारलं. रात्री कोल्हे ओरडतात, घाबरू नये."

थंडीचं गणित बसलं. मार्च ते मे पन्हाळ्याच्या आसपास जमतं, साडेआठशे मीटर उंची आहे, रात्री झोप लागते. अडलंय ते जून ते सप्टेंबर. मागच्या पावसाळ्यात आंबोलीला थांबलो. निसर्ग म्हणाल तर डोळ्यांचं पारणं फिटतं. पण आठव्या दिवशी गादी उचलली तर खालच्या फळीवर हिरवट बुरशी. कपडे वाळेनात, स्टोव्ह आत पेटवायची भीती, सौ.ला खोकला. शेवटी दोन महिने मुलीकडे पुण्याला काढले. जावईबापू चांगले आहेत, पण दोन खोल्यांत सहा माणसं.

तर सांगा, पावसाळ्यात कुठे जायचं? आणि तुम्ही ठिकाण कसं निवडता?

लाल_डबा_३१_वर्षं

दादा, मी एसटीत चालक होतो, ३१ वर्षं. निवृत्त झाल्यावर दीड वर्ष असाच फिरलो, माझी ओम्नी होती. तुमचं किलोमीटरचं गणित बरोबर आहे, पण त्यात एक भर घाला. सगळे किलोमीटर सारखे नसतात. घाटातले वीस किलोमीटर गाडीला सपाटीच्या साठाइतके पडतात. क्लच, ब्रेक, टायर, सगळ्यांचं आयुष्य घाटात जातं. म्हणून मुक्काम निवडताना नकाशावर अंतर बघू नका, मध्ये किती वेळा चढायचं-उतरायचं ते बघा. कोकणातून देशावर वर्षात एकदा चढा, एकदा उतरा, बस्स. मध्येच तिकडे काहीतरी राहिलं म्हणून परत उतरू नका.

उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. भरलेली गाडी, मागे पाण्याचे कॅन, सिलिंडर, गादी. ब्रेक दाबून-दाबून उतरलात की तळाशी पोचेपर्यंत ब्रेक तापून हात टेकतात. मी डोळ्यांनी बघितलंय. आणि टायर झिजला नाही म्हणून बदलायचा नाही असं करू नका. एका जागी उभ्या गाडीचा टायर उन्हाने फुटतो. बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. सहा वर्षांपुढे मी भरवसा ठेवत नाही.

फास्टॅगच्या वार्षिक पासबद्दल लोक विचारतील म्हणून सांगतो. १५ ऑगस्ट २०२५ ला तो सुरू झाला, तेव्हा खासगी कार-जीप-व्हॅनसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. कोल्हापूर ते पुणे रोज करणाऱ्याला सोनं आहे, कारण किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर असे चार नाके एका खेपेत लागतात. पण तो पास राष्ट्रीय महामार्गांवरच चालतो. समृद्धीवर नाही, मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर नाही. तुम्ही वर्षात एकदा चढणार, एकदा उतरणार. तुम्हाला तो घेऊ नका असंच सांगेन. त्या तीन हजारांत एक नवा टायर येतो.

शिरोड्याची_सून

वेंगुर्ल्याच्या पुढचं आंब्याचं झाड वाचून फार बरं वाटलं 🙂 आमच्याच भागातलं असणार.

कोकणात थंडीत येणाऱ्यांसाठी थोडं. डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत तारकर्ली, देवबाग टाळा. पर्यटकांची गर्दी असते, मासळीचा भाव हॉटेलवाले ठरवतात. त्या दिवसांत शिरोडा, वेळागर, आरवलीकडे या, किंवा किनारा सोडून पाच-सात किलोमीटर आत वाडीत थांबा. आत पाणी गोडं, सावली भरपूर, आणि समुद्र लांब नाहीच. जत्रांची तारीख बघून मग मुक्काम ठरवा. महाशिवरात्रीला कुणकेश्वर आणि त्याच सुमाराला आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. दर्शनाला जरूर या, पण गाडी लावून राहायचं म्हणून त्या आठवड्यात येऊ नका. पाय ठेवायला जागा नसते.

कोणाला विचारायचं हा मोठा प्रश्न असतो. लोक थेट सरपंचांकडे जातात. माझ्या मते आधी दुकानात जा, चार वस्तू घ्या, आणि दुकानदारालाच विचारा की दोघं म्हातारी माणसं आहोत, चार दिवस गाडी कुठे लावली तर कोणाला अडचण नाही? तो नावानिशी सांगतो, कोणाची जागा, कोणाला भेटा. परवानगी अशी एका माणसाच्या ओळखीने मिळाली की ती टिकते. आणि संध्याकाळी पाचच्या आत पोचा. अंधारात अनोळखी गाडी आली की गाव काळजीत पडतं, आणि ते साहजिक आहे.

पलीकडे गोव्यात जायचा मोह होईल. जा, पण गाडीत राहायला म्हणून किनाऱ्यावर नको. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करायला बंदी आहे आणि दंड होतो. आमचे पाहुणे किनाऱ्याच्या पार्किंगमध्ये चहा उकळत बसले होते, त्यांना पोलिसांनी उठवलं. मंगेशी, कवळे इथल्या देवस्थानांच्या अग्रशाळा, म्हणजे भक्तनिवास असतात, तिथे आधी विचारून एखादी रात्र राहा, महालसेचं, शांतादुर्गेचं दर्शन घ्या आणि परत अलीकडे या.

कागद_आधी

मी वयाने लहान आहे, काका, पण विम्याच्या कामात आहे म्हणून विचारतो. मागचं आसन काढलंय का? काढलं असेल तर आरसीवर बदलाची नोंद आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परस्पर करता येत नाही. पोलीस अडवतील ही भीती छोटी आहे. अपघात झाला आणि दाव्याच्या वेळी सर्व्हेअरने बघितलं, तर तुमचा दावा अडकतो, ही खरी भीती. ठिकाण निवडायच्या आधीची गोष्ट आहे ही.

दुसरं, आत स्वयंपाक करता का? कृपा करून काचा बंद करून स्टोव्ह पेटवू नका, आणि थंडीत शेगडी आत घेऊन तर कधीच झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

घाटावरचा_मुक्काम

@कागद_आधी, बरं झालं विचारलंत. मागचं बाक काढलंय आणि आरसीवर नोंद करून घेतलीय. दोन महिने आणि चार हेलपाटे गेले, पण केलं. विमा कंपनीलाही लेखी कळवलंय. त्या जागी प्लायची फळी, खाली डबे, वर गादी. पंख्यासाठी छोटी वेगळी बॅटरी आहे.

स्वयंपाक बाहेरच, मागचं दार वर उचलून त्याच्या आडोशाला. पाच किलोचा छोटा सिलिंडर आहे, तो पेट्रोल पंपावरही बदलून मिळतो, हे फार सोयीचं. पाऊस असला की मात्र चूल बंद, म्हणूनच तर पावसाळ्याचा घोर.

हयातीचा दाखला मी मोबाइलवरच देतो, चेहरा दाखवून. ईपीएसवाल्यांना तो वर्षात कधीही देता येतो, दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो. म्हणजे नोव्हेंबरात बँकेसाठी गावी परतायची सक्ती नाही. आमच्यासारख्यांना हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं. आधार, रेशन, मतदान मात्र कोल्हापूरचंच ठेवलंय. पत्ता नसला की माणूस कागदावर नाहीसा होतो.

@शिरोड्याची_सून, ताई, दुकानातून सुरुवात करायची ही गोष्ट सौ. पहिल्यापासून करते, मीच तिला घाई करायचो. तिने तुमची पोस्ट मला दोनदा वाचून दाखवली.

वाळवंटातली_आजी

मी साताऱ्याची, पण ३८ वर्षं अमेरिकेत. नवरा गेल्यावर ॲरिझोनातलं घर विकलं, मुलाचं कर्ज फेडलं, आणि आता मी एका जुन्या व्हॅनमध्ये राहते, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनच्या पैशांवर. धागा वाचून वाटलं, देश वेगळा, पैसे वेगळे, पण प्रश्न तोच आहे. तुमच्या वहिनींच्या वहीसारखी माझीही वही आहे.

इथे केंद्र सरकारची मोकळी जमीन भरपूर आहे. ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी फुकट राहता येतं, पण साधारण १४ दिवस, मग हलायचं. हलणं म्हणजे पेट्रोल. म्हणून माझ्यासारखे पुष्कळजण हिवाळ्यात क्वार्टझाइटला जातात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ. तिथे दीर्घ मुक्कामाची ठरवून दिलेली जागा आहे, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. मी २०२३ च्या मोसमात १८० डॉलर भरले आणि सात महिने हलले नाही. त्यातल्या ला पोसा या भागात पिण्याचं पाणी आहे, मैला टाकायची सोय आहे. फुकटच्या जागा सोडून पैसे भरून एका जागी राहणं मला स्वस्त पडलं, हे पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं. दादांनी आंब्याखाली तेच शोधून काढलं.

उन्हाळ्यात मी लांब उत्तरेला जात नाही. वर जाते. क्वार्टझाइट समुद्रसपाटीपासून जेमतेम २७० मीटरवर, फ्लॅगस्टाफ २,१०० मीटरवर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते, म्हणजे एका राज्यातल्या राज्यात, एका दिवसाच्या प्रवासात बारा अंशांचा फरक. जूनमध्ये खाली ४३-४४ असताना वर रात्री स्वेटर लागतो. नकाशा आडवा न बघता उभा बघायचा, ही इथल्या जुन्या लोकांची शिकवण.

इथेही पावसाळा असतो, त्याला मॉन्सूनच म्हणतात, जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. दिवसभर ऊन आणि दुपारी ढगफुटीसारखा पाऊस. वाळवंटातले ओढे वर्षभर कोरडे असतात, सपाट, वाळू मऊ, गाडी लावायला मोह होतो. तिथे कधी थांबायचं नाही. पाऊस वीस मैलांवर पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. भारतातही ओढ्याकाठी सावली असते, म्हणून सांगते.

आणि औषधपाणी. इथे मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, दोन प्रकार आहेत. मूळ मेडिकेअर देशभर बहुतेक डॉक्टरांकडे चालतं. खासगी कंपन्यांचं ॲडव्हांटेज स्वस्त दिसतं, पण बहुतेक वेळा त्यांचे डॉक्टर ठरावीक भागातले. फिरत्या माणसाने ते घेतलं की दवाखाना तुमचा रस्ता ठरवतो. माझ्या मैत्रिणीला गुडघ्यासाठी दोनदा सहाशे मैल परत जावं लागलं. इथल्या मराठी मंडळींपैकी कोणी निवृत्तीनंतर असं काही योजत असेल तर हे आधी बघा, गाडी नंतर.

निवृत्त_शिक्षिका_बीड

वाळवंटातल्या आजींनी शेवटी जे लिहिलं त्याला धरूनच लिहिते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. वय ७१. वर्षातले चार-पाच महिने माझ्या वॅगनआरमध्ये एकटी फिरते. पेन्शन तुमच्यापेक्षा बरी आहे, त्यामुळे पैशाबद्दल मी बोलायचा अधिकार नाही. दवाखान्याबद्दल बोलते.

माझा नियम एकच. रात्रीचा मुक्काम अशा ठिकाणी, जिथून चाळीस मिनिटांत ईसीजी निघेल असा दवाखाना गाठता येतो. पूर्वी नव्हता हा नियम. तीन वर्षांपूर्वी एका डोंगरावरच्या देवस्थानाच्या आवारात झोपले होते. पहाटे अडीचला छातीत कळ. फोनला रेंज नाही. रखवालदाराच्या मुलाने मोटारसायकलवर खाली नेलं, मी त्याच्या पाठीला पदराने बांधून घेतलं होतं स्वतःला, पडू नये म्हणून. खालच्या आरोग्य केंद्राला कुलूप. पुढे तालुक्याच्या गावी पोचेपर्यंत उजाडलं. निघालं पित्त, हृदय नव्हतं. पण त्या तीन-चार तासांत मला कळलं की मी जागा निवडताना फक्त शांतता बघितली होती.

तेव्हापासून गावात पोचलं की आधी दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी नेऊन बघते. रात्री डॉक्टर असतात का हे शेजारच्या औषधाच्या दुकानात विचारते, दवाखान्यात नाही. औषधवाला खरं सांगतो.

तुमच्यात कोणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत आहेत. मुक्कामाच्या जिल्ह्यात योजनेतलं रुग्णालय कुठलं, हे मी निघण्याआधीच वहीत उतरवते. रोजच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून, तालुक्याच्या गावी बहुतेक असतंच. दोन महिन्यांच्या एकदम घेते.

एकटीने राहणाऱ्या बायकांसाठी एक. देवळाचं आवार सुरक्षित असतं असं आपण धरून चालतो. बहुतेक असतंच. पण मला एका ठिकाणी मध्यरात्री काच वाजवून उठवलं आणि "इथे बाईमाणसाने गाडीत झोपायचं नाही" म्हणून बाहेर काढलं. त्या रात्री महामार्गावरच्या चोवीस तास चालणाऱ्या पेट्रोल पंपावर झोपले. दिवा होता, माणसं जागी होती, नळ होता, शौचालय होतं. पंपावरच्या पोराने सकाळी चहा आणून दिला आणि पैसे घेईना. आता प्रत्येक मुक्कामाच्या जवळचा असा एक पंप मी आधीच हेरून ठेवते.

माणदेशी

काका, तुमचा पावसाळ्याचा प्रश्न तसाच राहिलाय, त्याचं उत्तर आमच्याकडे आहे 🙂

तुम्ही आंबोलीला गेलात, जिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशे. सगळा ढग सह्याद्री अडवतो, आमच्या वाट्याला वारा आणि सावली येते. आम्ही पिढ्यान् पिढ्या या दुष्काळाला कंटाळलो, मुंबईला माथाडी झालो, मेंढरं घेऊन बाहेर पडलो. पण गाडीत राहणाऱ्याला जून ते सप्टेंबर यापेक्षा चांगली हवा नाही. ढगाळ, थंड, वारं भरपूर, आणि गादी कोरडी. दहिवडी, म्हसवड, शिखर शिंगणापूर, गोंदवले हा पट्टा बघा. शिंगणापूर तर हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, तिथे रात्री गोधडी लागते. यात्रा चैत्रात असते, त्यामुळे पावसाळ्यात गर्दी नाही.

दोन गोष्टी सांभाळा. आषाढीच्या आधी माउलींची पालखी लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस अशी जाते. त्या दिवसांत तो रस्ता वारकऱ्यांचा असतो, आपली गाडी मध्ये घालू नये. दहिवडीकडून या, किंवा एकादशी झाल्यावर या. आणि पाणी. आमच्याकडे पाऊस कमी म्हणजे पाणीही कमी. काही गावांत जूनमध्येही टँकर चालू असतो. अशा गावात बाहेरून येऊन दोन कॅन भरून घेणं मनाला पटत नाही, आणि गावालाही पटणार नाही. म्हणून आधी तालुक्याच्या गावी किंवा गोंदवल्यासारख्या मोठ्या संस्थानाजवळ थांबा, पाण्याची सोय आहे अशा ठिकाणी. जुलैत पाऊस झाला की मग आत सरका.

गोंदवल्याला गोंदवलेकर महाराजांच्या समाधिमंदिरात दुपारचा प्रसाद असतो, कोणालाही नाही म्हणत नाहीत. पण त्यावर रोजचं जेवण धरून बजेट बसवू नका. माझे आजोबा तिथे भाजी निवडायला जायचे. तुम्हीही सकाळी तास-दोन तास जा, वहिनींना तर लगेच ओळखी होतील. मग जेवताना संकोच वाटत नाही.

लाल_डबा_३१_वर्षं

माणदेशींना दुजोरा. दहिवडी मार्गावर मी सहा वर्षं गाडी चालवली. कोल्हापूरहून कऱ्हाड, तिथून विटा-मायणी-दहिवडी असा रस्ता धरा. वरचा मोठा घाट लागत नाही. तुमची गाडी खूश राहील.

शिरोड्याची_सून

आणि गणपतीला काय करणार? आमच्याकडे चतुर्थीला या म्हटलं असतं, पण सप्टेंबरात इथे अजून पाऊस असतो, गादीचं तुम्ही लिहिलंय तेच होईल. आमच्या घरात माडीवरची खोली असते रिकामी, पाच दिवस. गाडी खळ्यात लावा. खरंच सांगतेय.

घाटावरचा_मुक्काम

मंडळी, तुमच्या उत्तरांनी दोन रात्री नकाशा घेऊन बसलो. माण ठरलं. पेट्रोलचा हिशेब केला, पन्हाळ्याहून दहिवडी धरून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे साडेबाराशे रुपयांच्या आत चार महिन्यांचा प्रश्न सुटतो. शिक्षिकाबाई, तुमचा चाळीस मिनिटांचा नियम सौ.ने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलाय. आजी, ओढ्याचं लक्षात ठेवलंय. खरं सांगायचं तर वाईजवळ आम्ही एकदा तसंच थांबलो होतो, तेव्हा काही झालं नाही एवढंच.

एकादशीनंतर निघतो. पोचल्यावर कळवतो.

घाटावरचा_मुक्काम

मी सौ. लिहितेय, ह्यांच्याच मोबाइलवरून. पोचून नऊ दिवस झाले. पहिले चार दिवस गोंदवल्यात, आता जरा पुढे एका गावात, पिठाच्या गिरणीमागे. गिरणीवाल्या भाऊंनी जागा दिली, भाडं घेत नाहीत, मी सकाळी त्यांच्या आईच्या पायाला तेल लावून देते. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, माझ्या सासूबाईंना होता तसाच.

पाऊस दोनदा आला, अर्धा-अर्धा तास. वारा मात्र इतका की स्टोव्हला तीन बाजूंनी पत्रे लावावे लागतात. बाजरीची भाकरी मला नीट जमत नव्हती, कोल्हापुरात आम्ही ज्वारीच खाल्ली. आजी बसून शिकवतात, पाणी किती गरम लागतं ते बोट बुडवून दाखवतात. काल पहिल्यांदा फुगली.

शिरोड्याच्या ताई, चतुर्थीला येतो आम्ही. घाट एकदाच उतरायचा आहे, तर गणपतीलाच उतरतो आणि मग थंडीभर खालीच राहतो, आंब्याखाली. पाच दिवस माडीवर. मोदकांची उकड मी काढेन, तेवढं मला करू द्या.

वहीत या गावाचं पान असं झालंय: "पाणी एक दिवसाआड, एक कॅनच घ्यायचा. शौचालय ग्रामपंचायतीचं, किल्ली गिरणीत. सावली नाही पण लागत नाही, ढग असतात. दवाखाना २५ मिनिटं, रात्री डॉक्टर असतात, औषधवाल्याला विचारलं. रेंज गिरणीच्या पायरीवर. आठव्या दिवशी गादी उचलून बघितली, कोरडी आहे."